हलवून कुठे नेणार?

खराडीच्या पुढे फ्लॅट घेतला तेव्हा मागच्या बाजूला कचरा प्रकल्प आहे, हे मला माहीत होतं. वास इतका येईल हे माहीत नव्हतं. थंडीत तो सकाळी जमिनीलगत बसून राहतो, ऊन चढेपर्यंत खिडक्या उघडता येत नाहीत.

शाळेतून निवृत्त झालेली मी एकटी बाई. बोलायला माणसं म्हणजे संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जमणाऱ्या तिघीचौघी आणि जेवण झालं की फोन करणारी धाकटी बहीण.

महापालिकेची निवडणूक लागली आणि प्रभागातले मोठ्या पक्षांचे सगळे उमेदवार एकच सांगू लागले, प्रकल्प इथून हलवू. त्यांतले एक आमच्या क्लबहाउसमध्ये आले. टाळ्या थांबल्यावर मी उभी राहिले.

"हलवून कुठे नेणार?"

"हद्दीवर, मावशी. तिकडे मोकळी जागा आहे." त्यांनी गावाचं नाव घेतलं. अलीकडेच महापालिकेत आलेलं ते गाव म्हणजे माझ्या बहिणीचं सासर.

"मोकळी कशी? तिथं माझी बहीण राहते. त्यापेक्षा आपण आपला ओला कचरा इथंच जिरवू या. त्या अपक्ष उमेदवार बाई तेच म्हणताहेत."

सोसायटीचे अध्यक्ष मागे न वळताच म्हणाले, "छान. मग आमचेही डबे तुमच्याच बाल्कनीत आणून ठेवतो, बाई."

सगळे हसले. मी खाली बसले.

दुसऱ्या दिवशी बाकावर गेले तर बोलणं थांबलं. शेवटी एक जण म्हणाली, "माझ्या नातवाला रोज वाफ द्यावी लागते. तुमचं काय, एकट्या तर आहात." तिचं काही खोटं नव्हतं. त्यानंतर मी संध्याकाळी खाली जाणं सोडलं.

बहिणीला मात्र मोठ्या उत्साहानं सगळं सांगितलं. कसबा पेठेतल्या एका खोलीत आम्ही दोघी वाढलो, पण इतक्या वर्षांत तिच्या तोंडी सासरची भाषा बसलीय.

"तू कशाला मधे बोललीस, ताई? प्रकल्प आला तर आमच्या पोराला तिथं चिकटवणार हायेत. डिप्लोमा करून घरीच बसलाय. ह्यांनी तसा शब्द घेतलाय पुढाऱ्यांकडून."

"आणि वास?"

"सवय होते गं. तुला झालीच की."

"नाही झाली."

"बरं, ठेवते. दूध उतू जाईल."

तिच्या बाजूनं बोलले म्हणून लोक तुटले होते, आणि तिला आधी विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मतदानाला एकटीच गेले. प्रभागातल्या चार जागांपैकी एका जागेसाठी त्या अपक्ष बाईंचं बटण दाबलं, बाकी तिन्ही ठिकाणी नोटा. बाहेर एक कुटुंब शाईची बोटं पुढे करून उभं होतं. "आंटी, एक फोटो काढता का?" मी काढला. बरा आला, म्हणाले.

अपक्ष बाई पडल्या. मोठ्या पक्षांचे उमेदवार निवडून आले, आणि अध्यक्षांच्या पत्नी पेढे घेऊन माझ्याही दारी आल्या. "घ्या, बाई. सुटलो आता." मी घेतला. दार लावल्यावर खाल्लाही.

बहिणीचा फोन हल्ली एक दिवसाआड येतो. गुडघे, भाज्या, लग्नकार्यं, असं काहीबाही आम्ही बोलतो. गावात जागेची मोजणी सुरू झाली का, हे मी विचारत नाही. तीही सांगत नाही.