फाट्यावरच्या सर्कलमधलं पाणी

भूत, चकवा, अंगात येणं... यातलं काहीच मी आजवर मानलेलं नाही, आणि हे लिहून झाल्यावरही मानेन असं वाटत नाही. मी एका सहकारी साखर कारखान्यात वाहन विभाग सांभाळतो. ब्रेक लागेना तर लायनर बघायचा, लिंबू-मिरची नाही, असा माझा खाक्या. तरी जे झालं त्याचं खापर कशावर फोडावं ते मला अजून कळत नाही, म्हणून इथे लिहितोय. कुणाला उलगडलं तर जरूर सांगा. फक्त 'श्रद्धा ठेवा' असं सांगू नका, ते सांगणारे माझ्या घरीच आहेत.

आमचा कारखाना बीड जिल्ह्यात, सिरसाळ्याच्या भागात. हायवे मोठा झाला तेव्हा कारखान्याच्या फाट्यावर दोन लेनचं सर्कल झालं. चार रस्ते आणि मधोमध महादेवाचं जुनं, छोटं देऊळ. ते हलवायला गावानं विरोध केला, मग रस्ताच त्याच्याभोवती फिरवला. वर कडेनं नेत्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स, त्यामुळे सर्कलच्या पलीकडचं काही म्हणजे काही दिसत नाही.

आता सर्कलमधून जाण्यात अवघड काय आहे, तुम्हीच सांगा. डावीकडे वळायचं तर बाहेरची लेन धरा. उजवीकडे वळायचं तर आतली लेन धरा, देऊळ उजव्या हाताला ठेवून वळसा घाला, निघायच्या आधी डावा इंडिकेटर द्या, आरसा बघा आणि मग बाहेर या. शिरताना उजवीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आणि एकदा आत शिरलात की मध्येच थांबू नका. झालं! घाण्याच्या बैलालाही एका दिशेनं फिरायचं कळतं.

पण आमच्याकडे... महादेवाला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत. पिंडीवरचं पाणी जिथून बाहेर पडतं ती पन्हळ ओलांडायची नाही, तिथवर जायचं आणि मागे फिरायचं. देवळातली ही रीत आमच्या लोकांनी थेट हायवेवर आणली. सिरसाळ्याकडून येऊन उजवीकडे कारखान्याला वळायचं तर वाटेत पन्हळीची बाजू लागते, म्हणून हे उलट्या बाजूनं, समोरच्याच्या अंगावर जाणार. विचारलं तर म्हणणार, देवाची पन्हळ कशी ओलांडायची? बरं, धारूरकडून येणारे जीपवाले वळसा वाचवायला उलटे घुसायचे तेव्हा तीच पन्हळ ओलांडायचे, तिथं मात्र देव आठवत नसे. अर्धी भक्ती, अर्धं डिझेल. मी ड्रायव्हरांच्या मीटिंगा घेतल्या, फळ्यावर सर्कल काढून दाखवलं. सगळे माना डोलवायचे आणि बाहेर पडून पुन्हा उलटे जायचे. पालथ्या घड्यावर पाणी.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. शिवारात ऊसच नव्हता, गाळप बंद, आणि कारखान्याचे टँकर गावोगाव पाणी वाटत होते. एका टँकरवर माझा मेहुणा दिगंबर होता. त्याला मीच चिकटवलेलं. पोरगं कष्टाळू, पण त्याची भक्ती मात्र खरी होती, डिझेलची नव्हती. मी झापलं की म्हणायचा, "दाजी, पिंडीवर थेंब न्हाई, आन् आमी टँकरभर पाणी घिऊन तिच्या पन्हळीवरून जायचं व्हय?"

एक दिवस उलट्या बाजूनं जाताना त्यानं एका मोटारसायकलवाल्याला जवळजवळ चिरडलंच. मी चावी काढून घेतली. सख्ख्या मेहुण्याला सोडलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडानं सांगू? पण घरी वेगळंच महाभारत झालं. बायको, सुमन, म्हणाली भावाच्या पोटावर पाय दिलात, आता एकटेच जेवा. आणि लेकीला घेऊन गेली धारूरला, माहेरी. फोनही उचलेना.

शेवटी मीच नमतं घेतलं. दिगंबरला बोलावून सांगितलं, मी शेजारी बसतो, माझ्यासमोर एकदा नियमानं सर्कल फिरून दाखव आणि चावी घे. त्यानं कपाळाला हात लावला, पण कबूल झाला. बहिणीलाही त्यानंच फोन करून कळवलं असावं.

ऐन दुपारची वेळ. भरलेला टँकर घेऊन आम्ही सिरसाळ्याकडून आलो. शिरताना तो थांबला, उजवीकडच्याला जाऊ दिलं, आतली लेन धरली. अगदी फळ्यावरच्यासारखं. पन्हळीची बाजू जवळ आली तसा त्याचा पाय ढिला पडायला लागला. मी ओरडलो, आत थांबायचं नसतं, वेग धर. त्यानं धरला. आणि पुढच्याच क्षणी करकचून ब्रेक दाबला.

माझं डोकंच फिरलं. तोंडात आलेली शिवी तोंडातच राहिली, कारण समोर पाणी होतं.

देवळाच्या भिंतीखालून निघून दोन्ही लेन ओलांडत बाहेरच्या कठड्यापर्यंत, बोटभर खोलीचं, स्वच्छ, वाहतं पाणी. वर लिंबाची पानं तरंगत होती. दिगंबरनं हात जोडले. माझ्या मनात पहिलं आलं ते टँकर फुटला. खाली उडी मारून व्हॉल्व्ह बघितला... कोरडा. टाकीखाली थेंब नाही. पाणी तर आमच्या पुढे होतं. मी त्यात पाय घातला, मोजा भिजला, गार लागलं.

मग मान वर केली. पाण्याच्या पलीकडच्या काठाला, फ्लेक्सच्या आडून, एक जीप माझ्याकडे तोंड करून उभी होती. उलटी घुसलेली, आमच्याच लेनमध्ये, माणसांनी खचाखच भरलेली. तिचा ड्रायव्हरही पाणी बघूनच थांबला होता. पुढच्या सीटवर माझी लेक होती, सुमनच्या मांडीवर.

जीपमधल्या बाया भराभर उतरल्या. दुष्काळात वाहतं पाणी बघून कोण बसून राहील? भांडं बुडेल एवढी खोली नव्हती, म्हणून त्या पदर भिजवून तांब्यात पिळायला लागल्या. सुमननं ओला पदर लेकीच्या तोंडावरून फिरवला. मग पाणी ओसरलं. कसं, कुठे, विचारू नका. डांबर पुन्हा तापलेलं, साधा ओला डागही नाही.

मृगजळ म्हणाल, तर मृगजळानं मोजे भिजत नाहीत. पाइपलाइन म्हणाल, तर तिथे पाइप नाही, मी रस्त्याच्या इंजिनिअरला विचारून आलो, तो हसला. देवळात गेलो. पिंड कोरडी, पन्हळीत नुसती धूळ. आणि आता वैताग बघा, पंचक्रोशीतले ड्रायव्हर तिथे भर सर्कलमध्ये गाडी थांबवून नमस्कार करतात, मागे रांग लागते. म्हणतात, साहेबांनी सोता पाणी बघितलंय.

दिगंबरला चावी दिली. सुमन घरी आली. मी तिला पुन्हा पुन्हा सांगतो, नियमानं आम्हीच बरोबर होतो, सगळी चूक त्या जीपवाल्याची, जो तो आपल्या लेननं गेला तर देवाला मध्ये पडावंच लागणार नाही. ती सगळं शांतपणे ऐकून घेते. परवा पोळ्या लाटता लाटता एवढंच म्हणाली,

"तुमचं सगळं खरं हाय. पर दिगूनं तुमचं ऐकलं आसतं, थांबलाच नसता तर?"