मास्तरांचा पास

मास्तरांबद्दल मी लिहावं, असा माझा काही अधिकार नाही. कित्येक वर्षं दर गुरुवारी आम्ही ब्रिजच्या टेबलावर समोरासमोर बसलो, पण त्यांना कोणती भाजी आवडायची, हेसुद्धा मला सांगता येणार नाही. मला माहीत होते ते त्यांचे पत्ते. तेही, आता वाटतं, अर्धेमुर्धेच.

मास्तर म्हणजे शिंपी. बाजाराच्या कोपऱ्यावर दुकान. पुढे मशीन, मागे कापायचं लांब टेबल. कोट चांगला शिवत, पण एखादी बाही आखूड व्हायचीच. मग "तुमचा हातच लांब आहे हो," असं म्हणून ते गिऱ्हाइकालाच ओशाळं करून सोडत.

एका दुपारी मी गेलो, तर कापायच्या टेबलावर खडूने इस्पिक, बदाम, चौकट, किलवर काढून ठेवलेले.

"पार्टनर, कपडा कसा शिवतात?"

"सुईनं," मी म्हटलं.

"उलटा करून! सुलट शिवला तर शिवण जगाला दिसते. आणि आपण बोली कशी लावतो? सुलट. मग सगळ्यांना आपली शिवण दिसते."

ब्रिजमध्ये पत्ते वाटले की आधी बोली होते. ज्याच्याकडे भारी पत्ते तो तोंड उघडतो, ज्याच्याकडे काही नाही तो 'पास' म्हणून गप्प बसतो. मास्तरांनी हेच उलटवलं होतं. भारी पत्ते आले की 'पास'. हातात कचरा असला की ऐटीत 'एक किलवर', म्हणजे सगळ्यांत छोटी बोली. आणि त्यावर एक जालीम कलम: एकाने सुरुवातीला पास म्हटलं की जोडीदाराला पास म्हणायची बंदी. काही नसलं तरी 'एक किलवर' म्हणायचंच.

"हे कलम कशाला?" मी घाबरून विचारलं.

"खास तुमच्यासाठी. तुम्ही जन्मभर पासच म्हणत आलात. लग्नातसुद्धा पासच म्हणाला असाल."

"सासऱ्यांनी बोली लावली म्हणून झालं," मी म्हटलं.

वहिनी, म्हणजे मास्तरांची बायको, खुर्चीवर बसून काजं करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "घरातही हेच चाललंय. भूक असली की नको म्हणायचं, नसली की ताट मागायचं. आता जगालाही शिकवा."

आमचा क्लब वाचनालयाच्या माडीवर भरायचा. क्लबचे प्रमुख म्हणजे मास्तरांचे व्याही. हिशेब तपासणीच्या खात्यातून निवृत्त झालेले. लेकीचे सासरे, त्यामुळे मास्तर त्यांच्याशी फार अदबीने वागत आणि त्या अदबीच्या आडून चिमटे काढत.

ब्रिजमध्ये लपवाछपवी चालत नाही. जोडीदाराच्या बोलीचा अर्थ समोरच्यांनी विचारला तर खरा सांगावा लागतो. हे काम माझ्या गळ्यात आलं.

"यांच्या पासचा अर्थ काय?" व्याह्यांनी पहिल्या दिवशी विचारलं.

"पुष्कळ पत्ते आहेत."

"आणि एक किलवरचा?"

"काही नाही."

"किलवरपण नाही?"

"असलीच तर योगायोग."

व्याही मास्तरांकडे वळले. "व्याहीबुवा, हा खेळ आहे की थट्टा?"

"आपल्यासमोर थट्टा करायची माझी काय प्राज्ञा!" मास्तर हात जोडून म्हणाले.

आम्ही मात्र सपाटून हरत होतो. सवयीने माझ्या तोंडून पास निघून जायचा आणि मास्तरांचे एक्के, राजे तसेच झाकले राहायचे. तेव्हा ते रागवायचे नाहीत. पत्ते टेबलावर पसरून त्यांच्याकडे वरातीतून उपाशी परतलेल्या पाहुण्यांसारखं बघायचे. शेवटी व्याह्यांनी फर्मान काढलं: वार्षिक स्पर्धेत ही जोडी तळाला आली तर हे खूळ कायमचं बंद. मास्तरांनी पत्ते गोळा केले. जिना उतरताना एवढंच म्हणाले, "कोट लोकांच्या मापाचे शिवले, पार्टनर. आपल्या मापाचं हे एकच."

स्पर्धेत तेच डाव पाकिटांत घालून टेबलाटेबलांवर फिरवतात, म्हणजे सगळ्यांना सारखेच पत्ते. शेवटचा डाव उरला तेव्हा आम्ही तळाला होतो. समोर व्याही आणि त्यांचे जोडीदार, दातांचे डॉक्टर.

मास्तरांनी पत्ते उचलले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "पास."

व्याह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अर्थ?"

"पुष्कळ पत्ते आहेत."

व्याह्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. शिंप्याला बोलू द्यावं, मग पकडावं, असा त्यांचा बेत दिसला. "पास."

माझ्या हातात नव्वी हेच सगळ्यांत मोठं पान. मी कलम आठवलं, डोळे मिटले आणि म्हटलं, "एक किलवर." डॉक्टर माझं उत्तर ऐकून होते; बिचकून पास म्हणाले. आता मास्तर आपले भारी पत्ते बाहेर काढणार.

"पास," मास्तर म्हणाले.

व्याह्यांनी आपले पत्ते पुन्हा एकदा मोजून पाहिले. मग बोट नाचवत म्हणाले, "मला बोलायला लावताय काय? फसणार नाही मी. पास!"

लागोपाठ तीन पास; बोली संपली, डाव मी खेळायचा. नियमाप्रमाणे मास्तरांनी आपले पत्ते उघडे करून मांडले. सगळ्यांत मोठा होता गुलाम. तोही एकटा.

डॉक्टर खोकले. सगळे एक्के, राजे आणि राण्या त्यांच्या आणि व्याह्यांच्या हातात होत्या. आम्ही आपटलो, पण एक किलवरवरून आपटून कितीसं लागणार? बाकीच्या टेबलांवर व्याह्यांच्या या पत्त्यांवर लोकांनी डोंगर कमावला होता, आणि आमच्या जागी बसलेल्यांनी तेवढाच गमावला होता. आम्ही तळावरून एक पायरी वर आलो आणि त्या पायरीवर खूळ जगलं.

"हे कसले पुष्कळ?" व्याही ओरडले.

"विसरलो हो," मास्तर म्हणाले. "वय झालं. काही नव्हतं, म्हणून जग म्हणतं तसं पास म्हणून गेलो. चूक झाली, क्षमा असावी."

नियम चाळले गेले. मी अर्थ खरा सांगितला होता, आणि स्वतःची बोली विसरणं हा गुन्हा नाही. व्याही चहा न घेताच गेले. वहिनी ऐकून म्हणाल्या, "विसरले? लेकीच्या लग्नात मानपानाचा कोट कुणाला आखूड झाला, ते अजून पाठ आहे यांना."

मला तो प्रश्न मग सोडेना. काही आठवड्यांनी पँट आणायला गेलो, तेव्हा धीर केला. मास्तर एका कोटाला टाचण्या लावत होते. चार-पाच ओठांत धरलेल्या.

"मास्तर, त्या दिवशी खरंच विसरला होतात का?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि टाचण्यांकडे बोट दाखवलं: तोंड भरलंय. मी थांबलो. त्यांनी एकेक टाचणी सावकाश कोटात खोचली, शेवटचीसुद्धा. मग पँटची घडी माझ्या हातात दिली.

"धुतली की उलटी करून वाळत घाला," ते म्हणाले. "रंग टिकतो."

"बरं," मी म्हटलं. "गुरुवारी भेटू."

"या."