विनायक, जेव

"एन्सेफलायटिस," डॉक्टर म्हणाले, आणि माझा चेहरा पाहून लगेच समजावलं, "मेंदूला सूज."

ताप उतरला होता. तरी आमचे हे खाटेवर बसले की बसूनच राहायचे. नाशकातले तांबट; घागर ठोकताना कधी हात थांबला नाही. आता पुढ्यातला पेला उचलावा की नाही, तेही ठरेना. पाठीच्या कण्यातून पाणी काढून तपासलं. आठ दिवस मी दवाखान्याच्या व्हरांड्यात काढले.

डॉक्टर म्हणाले, "यांना सगळं समजतं, बाई. पण मेंदूत खोलवर बेसल गँग्लिया म्हणून पेशींचे पुंजके असतात. मनात आलेलं 'उठावं' तिथून पुढं सरकलं तरच पाय उचलतो. सूज तिथंच आहे. नेमकी हाक मारली तर कदाचित उठतील."

मी "अहो" म्हटलं. पापणी हलली नाही. तेवढ्यात दिंडोरीहून टांग्यानं आलेल्या माझ्या नणंदेनं, वन्संनी, दारातूनच हाक दिली, "विनायक, ऊठ बरं!"

हे उठले.

आजारी हे, पण पोटात दुखू लागलं माझ्या. अकरा वर्षं संसार मी केला, आणि उठायचं बहिणीच्या शब्दावर! वर वन्सं म्हणायच्या, "आईमागं मीच वाढवलाय त्याला." त्यांच्यामुळेच यांच्या पोटात चार घास जात होते, हे कळत होतं. तरी मला ते बघवत नव्हतं.

नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य घटतं, असं आईनं शिकवलेलं. केसपेपरावर नाव सांगायलाही मी शेजारणीला पुढं केलं होतं.

घरी आलो आणि वन्सं दिंडोरीला परतल्या. मला हायसं वाटलं. दुपारी हे ताटासमोर नुसते बसून. "अहो, जेवा ना." भात गार झाला. उखाण्यात चालतं म्हणून उखाणाही घेतला. 'विनायकराव' त्या लांब ओळीत हरवून गेलं. शेवटी दार लोटलं, डोळे मिटले.

"विनायक, जेव."

डोळे उघडले तर यांचा हात ताटात. एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "परत म्हण."

असं म्हणायला त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते त्यांचं त्यांनी ठरवलं होतं.

तुमच्या घरी असं दुखणं आलं, तर माणूस आळशी झाला म्हणू नका. हाक मारून पाहा. हे आता पुन्हा घागरी ठोकतात. डॉक्टरांचे उपकार फिटायचे नाहीत, वन्संचेही नाहीत. पण मीही नावानं हाक मारते, हे वन्संना अजून सांगितलेलं नाही. त्या आल्या की मी आपली "अहो"च म्हणते. तेवढं एक माझं राहू दे.