संतोषच्या टाचेचा चटका

करणी, भानामती, बाहेरचं... असलं कुणी माझ्यासमोर बोललं की माझं डोकं फिरतं. श्रीरामपूरला एका शाळेत मी विज्ञान शिकवतो. तेव्हा खाली कमेंटमध्ये 'देवाची लीला' वगैरे लिहू नका, प्लीज. मी अजून चिडलेलोच आहे.

आम्ही बेलापूरचे. धाकटा भाऊ संतोष उसाच्या भरल्या ट्रॉलीवरून पडला आणि त्याचं कमरेखालचं अंग गेलं. एमआरआयमध्ये पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू तुटलेला स्पष्ट दिसत होता. पायाला टोचलं की संदेश चेतापेशीतून विजेसारखा धावतो, पेशी संपली की मधल्या फटीतून रसायन तो पुढच्या पेशीला देतं, असं करत तो मेंदूला पोचतो. पण वाटच तुटली तर पोचणार कसा? घरात हे सांगून माझा घसा बसला. आईचं एकच, "पन पाय गरम लागत्यात रं त्याचं!"

मी शाळेत असताना मामानं ठरवलं, डाग द्यायचा. लंगड्या बैलाला देतात तसा! मी घरी पोचलो तर ओसरीवर संतोष पालथा आणि मामाच्या हातात लालभडक विळा.

"मामा, ठेवा तो खाली! भाजलेलं कळणारसुद्धा नाही त्याला!"

"बैल उठतो, मग ह्यो न्हाई उठनार व्हय?"

मी धावेपर्यंत त्यानं विळा उजव्या टाचेला टेकवला. संतोष शांतपणे म्हणाला, "दिला का, मामा?"

किंचाळली ती आई. ती घरामागे भांडी घासत होती, तिला ओसरीवरचं काही दिसणं शक्य नव्हतं. जाऊन बघतो तर उजवी टाच दोन्ही हातांनी धरून बसलेली. टाचेवर साधा लाल डागही नाही!

संतोषची जखम चिघळली. ड्रेसिंग मीच करतो. मुद्दाम वेळ बदलली, आईला न सांगता केलं, ती मळ्यात असताना केलं... प्रत्येक वेळी ती लंगडत आली. डॉक्टर म्हणतात, मनाचे खेळ. असतीलही. माझा संताप एवढाच आहे की संदेश निघतोच आहे तर माझ्या भावाला का मिळत नाही? त्या म्हातारीनं काय घोडं मारलंय?

काल चिकटलेली पट्टी सोडवत होतो. ज्याला स्वतःला काहीच कळत नाही, त्या संतोषनं माझं मनगट घट्ट धरलं.

"दादा, हळू काढ ना. आईला लागतंय."