भोपळ्याचा दाखला

वरून परसबागेचं पत्र आलं तेव्हाच मी हेडसरांना म्हटलं होतं, "सर, बी टाकायचं, पाणी घालायचं, आलं तर खिचडीत टाकायचं. यात रजिस्टर कुठं येतंच नाही." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, कपाट उघडलं आणि नवंकोरं रजिस्टर काढलं. मी कपाळावर हात मारून घेतला.

शेंद्र्याच्या पुढं, कारखान्यांच्या पाठीमागं आमची शाळा आहे. पहिली ते पाचवी मिळून बत्तीस लेकरं आणि शिकवायला दोघंच, सर आणि मी. मी शहरातून, गुलमंडीच्या मागच्या बोळातून रोज स्कूटीवर जाते, त्यामुळं शाळेत पोचेपर्यंत केसात धूळ आणि नाकावर राग असतो. सर गावातच राहतात. निवृत्तीला थोडी वर्षं राहिलीत. ज्या गोष्टीची नोंद नाही ती घडलीच नाही, असं त्यांचं अगदी मनापासूनचं मत आहे.

तर सरांनी पोरांच्या जोड्या लावल्या. एक मोठं, एक लहान. मोठ्यानं खड्डा करायचा, लहान्यानं बी टाकायचं, पाणी दोघांनी घालायचं. प्रत्येक लेकराच्या नावावर एक झाड, आणि प्रत्येक झाडाला पटावर नंबर. रोज परिपाठ संपला की आधी पोरांची हजेरी, मग झाडांची.

"वांगं, क्रमांक चार!"

"हजर, सर!" वांग्याच्या वतीनं तिसरीतला एकजण छाती काढून ओरडायचा.

पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. सर म्हणाले, "मॅडम, पोरांसमोर पटाची थट्टा नको." थट्टा मी करत होते म्हणे!

महिनाभरात अख्खी शाळा कामातून गेली. दुसरीतल्या पोरानं अर्ज आणून दिला, "माझ्या पानांना कीड लागली आहे, तरी मला दोन दिवसांची रजा मिळावी ही विनंती. आपला आज्ञाधारक, टमाटं क्रमांक नऊ." सरांनी त्यावर लाल शाईनं 'मंजूर' लिहिलं. मग एका दुपारी शेळीनं मिरची क्रमांक सतरा मुळासकट खाल्ली. आता पटावरचं नाव असंच कमी करता येतं होय? सरांनी मिरचीला शाळा सोडल्याचा दाखला दिला. छापील फॉर्मवर, सही-शिक्क्यासकट. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिलं, शेळी. मिरचीवाल्या पोरानं तो दाखला घरात भिंतीला चिकटवून टाकला.

मी खवचटपणानं विचारलं, "सर, शेळीला कितवीत बसवायचं?"

"बघावं लागेल," सर म्हणाले, आणि खरंच विचारात पडले, हो!

याच वर्षी पहिलीत एक मुलगी आली होती. वडील कंपनीत ठेकेदाराकडं कामाला. ठेकेदार नेईल तिकडं बिऱ्हाड. वयानं ती दुसरीतली, पण दोन शाळा मधेच सुटल्या होत्या, म्हणून पुन्हा पहिलीत. ती शाळेत बोलायचीच नाही. नाव पुकारलं की मान खाली. मी गोड बोलून पाहिलं, रागावून पाहिलं, पर्समधली चॉकलेटं संपवली. काही नाही. तिच्या नावापुढं मी रोज आपलं तोंडाकडं बघूनच 'हजर' मांडायचे.

तिच्या नावावर होता लाल भोपळा, क्रमांक एकतीस. बी नळाजवळ टाकलेलं, त्यामुळं वेल नुसता माजला होता. जोडीला पाचवीतली मुलगी. हिच्या तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. ही मोठी होऊन वकील झाली नाही तर नाव बदलीन. मी तिला तेव्हापासून वकीलबाईच म्हणते. रोजच्या हजेरीत भोपळ्याची बाजू ती स्वतःच्या झाडाबरोबर मांडून टाकायची.

एक दिवस वकीलबाई तापानं फणफणलेली, घरी. सरांनी पुकारलं, "भोपळा, क्रमांक एकतीस!"

कुणीच बोलेना. सरांनी एकदा वेलाकडं बघितलं आणि गैरहजर मांडायला पेन टेकवलं.

"हजर!"

एवढ्या जोरात, की खिचडी ढवळणाऱ्या मावशींच्या हातातला डाव खाली पडला. पहिलीतली ती पोरगी मुठी आवळून उभी होती. सरांनी शांतपणे 'हजर' मांडलं आणि पुढचा नंबर घेतला. त्या दिवसापासून रोज तेच. स्वतःच्या नावाला मुकी आणि भोपळ्याच्या नावाला गाव गोळा होईल असा आवाज. मला राग आला, खोटं कशाला सांगू? दोन महिने मी घसा कोरडा करतेय, आणि ही बया बोलते कुणासाठी, तर भोपळ्यासाठी!

वेलाला एकच भोपळा धरला, पण काय धरला! रोज वकीलबाई त्याला वितीनं मोजायची आणि ही खाली विटेवर वीट ठेवून त्याचं बूड मातीपासून उचलून धरायची. खिचडी खायला बसायची तीही त्याच्याशेजारीच. ओठ हलताना दिसायचे. मी जवळ गेले की बंद.

दिवाळीच्या सुट्टीला तीन-चार आठवडे उरले असताना एका मंगळवारी तिचे वडील आले. इस्त्रीचा शर्ट, केस ओले करून बसवलेले. मागं वकीलबाई, साक्षीदारासारखी. ठेकेदाराचं इथलं काम बंद झालेलं, गुरुवारी सकाळी टेम्पो चाकणला जाणार.

"मॅडम, पोरीचा टीसी पायजे," ते म्हणाले. "अन् भोपळ्याचाबी."

मला हसू फुटलं. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं.

"भोपळ्याचा कामून?"

"आवं, पटावर नाव हाय म्हनं त्याचं. पोरगी म्हनती त्याचा दाखला निघाल्याबिगर मलाबी जाता येत नाय."

"बरोबर हाय मॅडम," वकीलबाई मधेच बोलली. "मिरचीचा निघाला होता. नियम सगळ्यांना सारखा."

मी म्हटलं, "अहो दादा, ती झाडांची हजेरी म्हणजे आमच्या सरांची एक गंमत आहे."

"नाय मॅडम." त्यांनी मान हलवली. "मागल्या शाळेनं कागद दिला नव्हता. तिकडं गेलो तर म्हनले, कागद आना मग बसवतो. सहा महिने लेकरू घरी बसलं. तवापासनंच त्याचं शाळेत बोलनं गेलं. आता जेवढे कागद निघत्यात तेवढे द्या. उगं एखादा कमी पडायला नको."

माझं हसू तिथंच विरलं. लाज वाटली मला.

वाटलं, सर आता हरखून जातील. त्यांचं रजिस्टर खरं मानणारा माणूस पहिल्यांदाच भेटला होता! पण सर उठले, नळाजवळ गेले, भोपळ्याच्या देठाला नख लावून बघितलं आणि परत येऊन म्हणाले, "देठ हिरवा आहे. कच्च्याचा दाखला निघत नाही. तीन आठवड्यांनी या."

वडिलांनी ओले केस मागं सारले. मग हळूच म्हणाले, "मग मी ठेकेदाराला सांगतो, येत नाय म्हनून."

मी सरांना व्हरांड्यात ओढलं. अक्षरशः बाहीला धरून. "सर, डोकं फिरलंय का तुमचं? त्या माणसाचं काम जाईल! देठबीठ काय लावलंय?"

"मला कळत नाही होय?" सर माझ्यावर पहिल्यांदाच खेकसले. "आत्ता कुठं तोंड उघडायला लागलीय पोर. तिकडं गेली की पुन्हा मुकी. तीन आठवड्यांत स्वतःच्या नावाला बोलली असती ती."

 आयुष्यभर नियमानं चाललेला माणूस नियमाच्या नावाखाली चक्क थापा मारत होता, आणि मला त्यांना थांबवावं लागत होतं. इतकं वाईट काम माझ्यावर नोकरीत कधी आलं नव्हतं. मी वडिलांना सांगितलं, "उद्या या. दोन्ही दाखले मिळतील."

मग मी जाऊन वेलाशेजारी, त्या पोरीजवळ मातीतच बसले. साडीचं वाटोळं झालं, होऊ दे. तिला म्हटलं, भोपळा उद्या काढू, तू तो घेऊन जा. दाखला पण देऊ.

ती बराच वेळ भोपळ्यावरून हात फिरवत राहिली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिथं त्याची हजेरी घेतील का?"

माझ्याशी बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य.

"घेतील की," मी म्हटलं. धडधडीत खोटं बोलले. मला तर तिची तरी हजेरी कुणी घेईल का, याचीच धास्ती वाटत होती.

बुधवारी सगळी शाळा नळाभोवती उभी राहिली. सरांनी पुकारलं, "भोपळा, क्रमांक एकतीस!" तिनं शेवटचं हजर दिलं. वकीलबाईनं मावशींच्या विळ्यानं देठ कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा काही न बोलता बाजूला झाली. सरांनी दाखला लिहिला. प्रगती समाधानकारक, वर्तणूक चांगली, कारण, पालकाचे स्थलांतर. शिक्का मारताना त्यांनी मान वर केलीच नाही. भोपळा पोरीला पेलवेना, तो वडिलांनी खांद्यावर घेतला. दोन्ही कागद तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरले.

त्यानंतर हजेरीत एकतीस नंबर आला की सर तीसवरून थेट बत्तीसवर जायचे आणि पोरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत बसायची. मी घरी आईवर चिडायचे, स्कूटीवर चिडायचे. तिला नव्या शाळेच्या कोपऱ्यात मान खाली घालून बसलेलीच मी रोज मनात बघत होते.

सुट्टी संपल्यावर आठवडाभरानं ऑफिसातला फोन वाजला. सरांनी तो स्पीकरवर ठेवला, कारण त्यांना एका कानानं कमी ऐकू येतं. चाकणकडचे कुणी मुख्याध्यापक.

"तुमच्याकडची एक विद्यार्थिनी आलीय आमच्याकडं," ते म्हणाले. "दाखले दोन आणलेत. भोपळ्याचं नाव घेईपर्यंत आपल्या नावाला ओ देत नाही. वडील म्हणतात, पटावर होता."

 आता हे हसणार, असं वाटलं.

"होता," सर म्हणाले.

"हां. तर आम्ही घेतलाय दाखल करून. दोन्हींना हजर म्हणते आता. भाजी झाली म्हणे त्याची, पण बिया लावल्यात तिनं, तेव्हा तसं चालतंय. अडचण एकच आहे. दाखल्यावर जन्मतारखेचा रकाना रिकामा आहे."

सर माझ्याकडं बघायला लागले. त्यांच्या हातून रकाना रिकामा राहिलेला मी तरी कधी पाहिला नव्हता. त्यांनी कपाट उघडलं, परसबागेचं रजिस्टर काढलं, चष्मा पुसला, बी टाकल्याची तारीख शोधली आणि फोनवर वाचून दाखवली. आधी अंकी, मग सावकाश अक्षरी. पलीकडं पेनाची कुरकुर ऐकू येत होती. मी पदराचा बोळा तोंडात धरून खिडकीकडं वळले.

"आणि जन्मस्थळ?" पलीकडून विचारलं.

सरांनी घसा खाकरला. "लिहा," ते म्हणाले. "शाळेच्या नळाजवळ."