वडीगोद्रीची ताजी पानं

“ही पानं वडीगोद्रीच्या प्लॉटमधली नाहीतच,” साहेब म्हणाले आणि रिपोर्ट त्यांनी माझ्या टेबलावर टाकला. “शेषरावनं शेजारच्या शेणखताच्या वावरातून तोडून आणलीत. त्याला पर्मनंट करायचा कागद मी थांबवतोय.”

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होते. शेषराव आमचे अटेंडंट. चाळिशी उलटलेली, तरी टेम्पररीच.

नायट्रोजन दोन प्रकारचा असतो, हलका आणि किंचित जड. शेणखतात जड जरा जास्त, युरियात कमी. ज्वारीच्या पानातलं नायट्रेट तपासून पिकानं कुठलं खत खाल्लं ते कळतं का, हे आम्ही बघत होतो. वडीगोद्रीच्या प्लॉटला फक्त युरिया दिलेला. आणि रिपोर्टमध्ये जड नायट्रोजन शेणखताएवढा!

मी शेषरावांना बोलावलं.

“बाई, मी त्याच वावरात गेल्तो. खुंट्या मोजून पानं तोडली. खरंच सांगून राह्यलो.”

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर शंका आली होती. ती आठवली की अजून लाज वाटते.

“पानं आणली कशी?” मी विचारलं.

“मामाचं अंबडला पानाचं दुकान हाय. इड्याची पानं आणतेत, तशी बराबर. ओल्या फडक्यात गुंडाळली, वरून गोणपाट. गाडी थांबली की पाणी शिंपडलं. बिलकुल सुकू दिली न्हाईत. तुम्हीच म्हन्लात ना, ताजी राहू द्या?”

म्हणाले होते खरी.

नायट्रेटवर पुढची प्रक्रिया करणारं एक एन्झाइम पानात असतं. पान तोडलं तरी ताजं असेपर्यंत ते काम करत राहतं. त्यातही हलका नायट्रोजन त्याला आधी उचलता येतो, हमाल हलकं पोतं आधी उचलतो तसा. जड मागं उरतो. आम्ही मोजत होतो ते हे उरलेलं. म्हणजे एन्झाइम तिथंच थांबावं म्हणून पानं शेतातच उकळत्या अल्कोहोलमध्ये मारायला हवी होती. हे मी वाचलेलं होतं. शेतात स्टोव्ह कोण नेणार, म्हणून टाळलं होतं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “हे सगळं थिअरी झालं.”

“मग पुढच्या पेऱ्याला दाखवते. तोवर कागद थांबवा, फाडू नका.”

पुढच्या हंगामात त्याच प्लॉटला पुन्हा युरिया दिला. आम्ही दोघं स्टोव्ह घेऊन एसटीनं गेलो. पानं तोडून उभी चिरली. एक बाजू मी तिथंच उकळली. दुसरी शेषरावांनी त्यांच्या पद्धतीनं गुंडाळली. शहाणपणा न करता मी बघत बसले.

जड नायट्रोजन मोजायचं यंत्र आमच्याकडे नव्हतं, नमुने बाहेरगावी जायचे; रिपोर्ट यायला दोन महिने लागले. शेषराव रोज टपाल बघायचे आणि पुन्हा झाडू हातात घ्यायचे. शेवटी आला. उकळलेली बाजू युरियाची निघाली. गुंडाळलेली बाजू शेणखताची. पानं तीच!

साहेबांनी दोनदा वाचलं. “फाइलला चूक कोणाची लिहू?”

“माझी.”

त्यांनी लिहिली. माझं प्रमोशन वर्षभर लांबलं आणि शेषराव पर्मनंट झाले. पेढे द्यायला आले तेव्हा म्हणाले, “बाई, पानं मारून आणा म्हन्ला असता, तर मंग मारूनच आणली असती की.”

तेव्हापासून काम सांगताना मी कारणही सांगते. एक वाक्य जास्त लागतं, एवढंच.