कुसुमताईंचे स्फटिक

मित्रांनो, आज दुपारपासून माझं कशातच लक्ष नाही, म्हणून तुम्हालाच सांगतो.

आमच्या लोणावळ्याच्या छोट्या प्रयोगशाळेत गेल्या वर्षी कुसुमताईंनी अंड्याच्या पांढऱ्या भागातल्या प्रथिनाचे स्फटिक बनवले होते. त्यांची कृती मी अकरा वेळा करून पाहिली. दर वेळी बाटलीत नुसता चिकट गाळ. महायुद्धामुळे रसायनं मिळत नाहीत, त्यात ती अशी वाया चाललेली. एकदा चिडून मी सगळ्यांसमोर म्हणालो, "ताई, तुम्हाला मिठाचेच खडे दिसले असतील."

ताईंनी कृतीची वही मिटली आणि बाटल्या धुवायला घेतल्या. पुढे पावसाळ्यात त्या विषमज्वराने वारल्या.

गेल्या आठवड्यात लोहगडवाडीच्या एक मावशी टोपली घेऊन दारात आल्या. "त्या बाई कुटं हायेत? सकाळचीच अंडी लागायची त्यास्नी. लय दिस झालं, आल्या न्हाईत."

मी ताईंची वही पुन्हा उघडली. ताईंनी कृतीत 'ताजी अंडी' असं लिहिलं होतं आणि मी बाजारातली, कित्येक दिवसांची अंडी वापरत होतो; अंडं शिळं झालं की त्यातलं ते प्रथिन बदलतं आणि स्फटिक नीट धरत नाहीत.

मावशींच्या अंड्यांवर तीच कृती पुन्हा केली. आज दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली थेंब ठेवला, तर रेशमासारख्या चमकणाऱ्या शेकडो बारीक सुया! "ताई, बघा ना," असं मी मागे वळून म्हणालोसुद्धा. मागे कुणी नव्हतं. तरी ती खोली मला एकट्याची वाटेना.

शोधनिबंधावर त्यांचं नाव पहिलं घालणार आहे. पण त्यांच्या आईला पत्र लिहायला बसलोय आणि पुढे काही सुचत नाही.

माफी मागायची राहून गेली, असं तुमचं कधी झालंय का? मग तुम्ही काय केलंत?